रविवारच्या घंटेचे आवतण

बोलावण्याच्या बाबतीत आपली मराठी मोठी रसिक आहे. लग्नाची अक्षत द्यायची, मुंजीची पत्रिका धाडायची, हळदीकुंकवाला दारोदार फिरून सांगायचे, जेवणाचे आवतण सकाळीच पोचवायचे आणि सत्यनारायण असला म्हणजे जाता जाता शेजाऱ्याला "संध्याकाळी तीर्थप्रसादाला या हो" असे म्हणायचे. या दिवसांत तर "फराळाला आला नाहीत?" हा प्रश्न बोलावणे आणि तक्रार दोन्ही एकाच दमात करून टाकतो. प्रत्येक बोलावण्याचा स्वर निराळा, त्यातली जवळीक निराळी, आणि गेलो नाही तर होणारा रुसवाही निराळा!

पण इतकी सारी बोलावणी करणारे आपण "चला, देवळात या" असे कोणाला सहसा म्हणत नाही. त्याची गरजच पडत नाही. देऊळ उघडे असते. ज्याला वाटेल तो जातो, घंटा वाजवतो, हात जोडतो, प्रदक्षिणा घालतो आणि परततो. आपल्या देवळातली घंटा भक्त वाजवतो. मी आलो आहे, अशी वर्दी तो देवाला देतो. ख्रिस्ती मंदिराची घंटा याच्या उलट आहे. ती उंच मनोऱ्यात असते, ती माणसांसाठी वाजते, आणि वेळ झाली, सगळे मिळून या, असे ती गावाला सांगते. तिथली उपासना ही मंडळीची उपासना. एकट्याने जाऊन गुडघे टेकता येतात, नाही असे नाही. पण रविवारचा मुख्य विधी दहाजण जमल्याशिवाय खुलत नाही. म्हणूनच आपल्या आप्तेष्टांना, मित्रांना, शेजाऱ्यांना उपासनेला घेऊन येणे हा त्या धर्माचरणाचा एक सहज भाग होऊन बसला आहे.

मराठी मुलखात हे बोलावणे चारशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. ते कोणी दिले, कसे दिले, कोणी स्वीकारले, आणि स्वीकारणाऱ्याला काय किंमत पडली, हा इतिहास मला नेहमी मोठा जिव्हाळ्याचा वाटत आला आहे. राजेरजवाड्यांच्या लढायांइतका तो गाजलेला नाही. पण घराघरांच्या उंबरठ्यांवर जे घडते तेही इतिहासच असते.

प्रारंभ गोव्यापासून करावा लागतो, आणि तो फारसा सुखाचा नाही. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतले. पुढे साष्टी आणि बारदेशही त्यांच्या हाती आले. १५६७ च्या सुमारास साष्टीतली देवळे पाडण्यात आली. १५६० साली तिथे इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होतेच. हिंदू रहिवाशांना रविवारी एकत्र जमवून पाद्र्यांचे प्रवचन ऐकवावे असे हुकूमही त्या काळात निघाले. आता ज्या बोलावण्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याला बोलावणे कसे म्हणायचे? ती वेठच झाली. शरीर आणून बसवता येते, कान मात्र बळाने उघडता येत नाहीत. सत्तेच्या हे ध्यानात आले नाही, तरी त्याच साष्टीत राहणाऱ्या एका माणसाच्या ते ध्यानात आले असावे, असे मला वाटते.

तो माणूस म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. जातीने इंग्रज, पंथाने जेझुइट. १५७९ साली तो गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत, चाळीस वर्षे, याच भूमीत राहिला. त्याने इथली भाषा आत्मसात केली, आणि तीसुद्धा व्यवहारापुरती नव्हे. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी त्याच्या कानात मुरली. १६१६ साली रायतूर येथे त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापून झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ, विषय बायबलचा, बाज आपल्या पुराणांचा, आणि लिपी रोमन, कारण त्या छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या आपणांपैकी पुष्कळांनी शाळेत पाठ केल्या असतील.

या पुराणाच्या आरंभी एक प्रसंग आहे. रविवारचा दिवस, साष्टीतले एक ख्रिस्तमंदिर, मुलांना धर्माचे पाठ देणे चालले आहे. तिथे नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंपाशी येतो आणि आपली अडचण सांगतो. हे पाठ चांगले आहेत. पण आमची जुनी पुराणे तर तुम्ही बंद केलीत, आता मन रमवायला, ऐकायला-वाचायला आमच्या भाषेत काही पुराणासारखे द्याल की नाही? त्या मागणीतून हा ग्रंथ उभा राहतो, अशी कवीने मांडणी केली आहे. प्रसंग खरा घडला असेल किंवा कविकल्पनेचा असेल. पण त्यात एक मर्म आहे. मंदिराच्या भिंतीआड आणून बसवलेला माणूस विचारतो आहे की, मी इथे आलो खरा, पण इथे माझे असे काय आहे? त्याला उत्तर म्हणून स्टीफन्सने ओवी दिली. ते पुराण रविवारी आणि सणावारी मंदिरांतून वाचले जाऊ लागले, आणि लोक ते आवडीने ऐकत. ज्यांना हुकमाने जमवावे लागत होते, त्यांच्या पुढच्या पिढ्या ओवीच्या ओढीने बसू लागल्या.

राज्यकर्त्यांना मात्र हे पुरते मानवले नाही. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषा टाकून पोर्तुगीजच बोलावी असा हुकूम काढला. तरी पुराण मेले नाही. गोवे सोडून दक्षिणेकडे मंगळूरच्या बाजूस गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या. सोळाशेच्या शतकातल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती लागत नाही. परंतु या पोथ्यांच्या बळावर १९०७ मध्ये मंगळुरात नवी आवृत्ती निघाली, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून ते देवनागरीत आणले. साडेतीनशे वर्षांनी मराठी ग्रंथ मराठी लिपीत आला!

उत्तरेस वसईकडे गोष्ट निराळी झाली. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांकडे होती. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली. शरणागतीच्या करारात, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहील, असे ठरले. पाद्री आणि सरदार बहुतेक निघून गेले. शेतकरी, बागाईतदार, कोळी मात्र आपल्या केळीच्या बागा आणि होड्या सोडून जाणार कुठे? ते राहिले. राज्य गेले, पण रविवार राहिला. ज्या धर्माला एके काळी तलवारीचा टेकू होता, तो टेकू निघाल्यावरही ही माणसे उपासनेला जातच राहिली. तेव्हापासून वसईतले मंदिराचे बोलावणे खऱ्या अर्थाने आपखुशीचे झाले, असे मी समजतो.

विजयी मराठ्यांनी वसईच्या चर्चांतल्या मोठमोठ्या घंटा काढून आणल्या आणि आपल्या देवस्थानांना वाहिल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळापुढे, भीमाशंकराच्या अंगणात, वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या घाटावर त्या आजही पाहायला मिळतात. पहिल्यांदा नारोशंकराची घंटा पाहिली तेव्हा माझ्या मनात आले की, हिचे काम किती बदलले! माणसांना बोलावण्यासाठी ओतलेली घंटा देवाला वर्दी देण्याच्या कामी लागली. धातू तोच आणि नादही तोच. गोदावरीला पूर आला म्हणजे पाणी या घंटेपर्यंत चढले की नाही हे नाशिककर आवर्जून पाहतात. परमुलखातून आलेली ही वस्तू आता पुराचे माप झाली आहे. आपल्याकडे वस्तूंचे धर्मांतर असे सहज पचते. माणसांचे मात्र तसे नसते.

ते किती कठीण असते, हे मुंबईने १८४३ साली पाहिले. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईत आले होते. त्यांच्या मागोमाग स्कॉटिश मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. अशाच एका शाळेत शिकलेला नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण १८४३ च्या सप्टेंबरात ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय अवघे बाराच्या आसपास, तोही भावाच्या पाठोपाठ मिशनच्या घरी राहू लागला. बाप हवालदिल झाला. एक मुलगा गेला तो गेला, दुसराही त्याच वाटेने निघाला! त्याने सुप्रीम कोर्टाचे दार ठोठावले. मुलगा अज्ञान आहे, या कारणास्तव न्यायमूर्तींनी श्रीपतला बापाच्या हवाली केले.

इथे कज्जा संपायला हवा होता. खरा कज्जा इथेच सुरू झाला. मुलगा मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. त्याला जातीत घ्यायचे की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या पाठीशी उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन या पोराला शुद्ध करून घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. सनातनी मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. एका लेकरासाठी एवढ्या मोठ्या पंडिताला शिव्याशाप सोसावे लागले. नारायण शेषाद्री पुढे ख्रिस्ती उपदेशक झाले आणि जालन्याकडे त्यांनी मोठे कार्य केले. पण एका भावाने दुसऱ्याला हात धरून आपल्या वाटेने नेले, आणि त्यापायी एक घर उभे चिरले गेले, ही गोष्ट मुंबईतल्या पांढरपेशा घरांनी कित्येक वर्षे विसरली नाही. शाळांतून मुले काढून घेण्यात आली. "तिकडे पाऊल टाकाल तर खबरदार" हे वाक्य घरोघर रूढ झाले असेल, यात नवल नाही.

या भीतीचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. त्या काळी भय सिद्धान्तापेक्षा पंक्तीचे अधिक होते. येशू हा सत्पुरुष होता असे म्हणायला शास्त्रीबोवांचीही फारशी हरकत नसे. पण त्याच्या मंडळीत गेले की तिथे महार-मांगांच्या शेजारी एका बाकावर बसावे लागे, एकाच भाकरीचा तुकडा आणि एकाच पेल्यातला घोट घ्यावा लागे. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मिशनचे ठाणे १८३१ साली पडले. तिथल्या पहिल्या मंडळीत हरिपंत खिस्तींसारखे ब्राह्मणही होते, आणि पुढे जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून महार आणि मांग समाजांतले लोक फार मोठ्या संख्येने आले. त्या लोकांच्या दृष्टीने पाहिले म्हणजे याच बोलावण्याचा अर्थ पार बदलतो. ज्यांना गावच्या देवळाच्या पायरीशी उभे राहण्याची बंदी होती, त्यांना कोणी तरी "आत या, बसा" असे म्हणाले होते. उच्चवर्णीयाला जे संकट वाटले, तेच त्यांना अप्रूप वाटले. तेही बोलावणे पाद्र्यापेक्षा सोयऱ्याधायऱ्यांच्या तोंडून अधिक फिरले असणार. कारण खेड्यात मामा गेला की भाचा जातो, आणि व्याही गेला की व्याह्याचे घर विचारात पडते.

या मंडळींना उपासनेत रमवायचे कसे, हा प्रश्न नगरच्या मिशनरींपुढे होता, आणि त्यांना उत्तर मिळाले ते स्टीफन्सला मिळाले होते तेच. इंग्रजी चालींवर बसवलेली मराठी गीते गाताना जिभा अडखळत. १८६० नंतरच्या काळात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. तोच पूर्वरंग, तोच उत्तररंग, झांज-मृदंग तेच, आख्यान मात्र येशूच्या चरित्राचे. कीर्तन म्हटल्यावर मराठी माणसाला बोलावण्याची गरजच उरत नाही! टाळ वाजला की पाय आपोआप वळतात. मंदिरात पाऊल टाकायला जो कचरेल, तो चावडीपुढच्या किंवा झाडाखालच्या कीर्तनाला कडेला उभा राहून ऐकायचा. न बोलावता बोलावण्याची ही युक्ती होती.

पुण्यात मात्र बोलावणे म्हणजे साधासुधा मामला नव्हता! १८९० च्या ऑक्टोबरातले पंचहौद मिशनचे चहाप्रकरण कोणाला ठाऊक नाही? वेताळ पेठेतल्या, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेतल्या, त्या मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली बडीबडी मंडळी बोलावण्यावरून जमली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. व्याख्यान झाले आणि नंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी प्याले, कोणी नुसता पेल्याला हात लावून शिष्टाचार पाळला. पुढे गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात झळकली आणि पुण्यात एकच हलकल्लोळ झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. प्रायश्चित्ताचा वाद दीडदोन वर्षे पुरला, श्राद्धापक्षाला भटजी मिळेनात, माहेरवाशिणींच्या येण्याजाण्यावर गदा आली. एका पेल्यातला चहा इतका महाग जगात दुसरीकडे कुठे पडला असेल, असे वाटत नाही. आज आपण हसतो. ज्यांच्या घरी लेकीबाळी होत्या, त्यांना तेव्हा हसू आले नसेल.

त्यानंतर तीनच वर्षांनी त्याच पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाचा वाद पेटला, आणि तो एका दारावरून पेटला. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या होत्या. १८८९ च्या ११ मार्चला त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. मुलींना धर्मोपदेश करायचा नाही, ज्याने त्याने आपला धर्म पाळावा, या अटीवर रानडे, भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार झाले होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिला घेऊन प्रार्थनेला बसत. खोलीचे दार उघडे असे. हळूहळू सदनातल्या काही मुली येऊन बसू लागल्या. बाईंनी त्यांना बोलावले नाही. पण जा असेही म्हटले नाही.

सल्लागारांचे म्हणणे असे की, हे उघडे दार म्हणजेच बोलावणे. पोरक्या, दुःखी, ज्यांना या एका बाईखेरीज जगात आधार नाही अशा मुलींपुढे दार उघडे ठेवले तर त्या आत जाणारच. रमाबाईंचे म्हणणे असे की, माझ्या घरात माझ्या देवाची प्रार्थना मी चोरून का करू? ही स्त्री लहानपणी आईबापांबरोबर हिंदुस्थानभर पायी हिंडून देवळांच्या ओसऱ्यांवर पुराण सांगत आली होती. पुराणिक बसतो, पोथी सोडतो, ऐकणारे येतात आणि जातात. दार लावून पुराण वाचायचे असते, हे तिच्या संस्कारातच नव्हते. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. पुढे काही मुली ख्रिस्ती झाल्या, हेही नमूद केले पाहिजे.

मी हा वाद अनेकदा वाचला आहे, आणि मला दोन्ही बाजू पटतात ही माझी पंचाईत आहे. पालकांचा विश्वास ही लहान गोष्ट नव्हे. दिलेला शब्द पाळला जातो की नाही, हे पाहणे रानडे-भांडारकरांचे कर्तव्यच होते. आणि तरीही मनातून वाटते की, उघड्या दाराला गुन्हा म्हणायचे ठरले तर मग आपल्यापैकी कोणाचे देवघर निर्दोष ठरेल? ज्याला जाण्याची मोकळीक आहे त्यालाच खरे बोलावता येते. त्या बिचाऱ्या मुलींना ती मोकळीक कुठेच नव्हती, ना घरी, ना समाजात. खरे दुखणे त्या दारापेक्षा तिथे होते.

आता ज्या घराची कथा सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही, त्या घराकडे वळतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई, सोवळ्याओवळ्यात वाढलेली, पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून हरपला. त्यानंतरची वियोगाची वर्षे, पंढरपूर-नाशिकचे ते दिवस, नातलगांचा धाक आणि माया, हे सारे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त असे काही लिहून ठेवले आहे की वाचताना डोळ्यांत पाणी असते आणि ओठांवर हसू. पुढे त्या टिळकांकडे नगरला गेल्या, पण आपली चूल निराळी ठेवून. एका घरात दोन धर्म, दोन चुली आणि दोन पाणी!

टिळकांच्या ठिकाणी दुसरा कोणी असता तर त्याने नवरेपणाच्या हक्काने बायकोला ओढत मंदिरात नेले असते. त्या काळी ते कोणाला वावगेही वाटले नसते. टिळक स्वभावाने तापट, उतावळे, हाताचे सढळ. पण या एका बाबतीत त्यांनी दम धरला. लक्ष्मीबाईंच्या मनातून जात गेली ती त्यांच्या स्वतःच्या विचाराने. माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही, असा त्यांचा त्यांनाच निवाडा झाला, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने बायकोला दिलेले हे आवतण पाच वर्षे दाराशी थांबले होते. इतकी वाट पाहणारे आवतण मी इतिहासात क्वचितच पाहिले आहे.

पुढे टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला मराठी अभंगाचे लेणे चढवले. त्यांची भजने आजही 'उपासनासंगीता'तून गायिली जातात. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. मंदिरात या आणि आमचे व्हा, इतक्यावर न थांबता त्यांनी म्हटले की, या, आणि आपापल्या जागी राहूनही आमच्याबरोबर चाला. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांनी अर्धे टाकलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ज्यांना लिहिता-वाचता जेमतेम येत होते, त्यांनी नवऱ्याचे महाकाव्य पुरे करीत आणले, हा चमत्कार नव्हे तर काय!

टिळकांच्या भजनांची जादू मी स्वतः अनुभवली आहे. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. दिवाळीत आमच्याकडून चकल्या-करंज्यांचे ताट त्यांच्याकडे जाई, आणि नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्या आणि केक आमच्याकडे येई. एका वर्षी त्या घरच्या काकू आजीला म्हणाल्या, "आजी, उद्या आमच्याकडं नाताळाची भक्ती आहे. नातवाला घेऊन या ना. बसावंसं वाटलं तर बसा, नाहीतर ऐकून निघा." आजी गेली. पेटी, तबला आणि टाळ यांच्या साथीवर अभंग सुरू झाला, तशी तिची मान डोलू लागली. परत येताना मला म्हणाली, "अरे, हे तर आपलंच भजन आहे की! देवाचं नाव तेवढं निराळं." तिने आपला देव बदलला नाही, दुसऱ्या दिवशीची पूजाही चुकवली नाही. पण त्या दिवसापासून ती त्या काकूंना "आमची शेजारीण" म्हणण्याऐवजी "आमची माणसं" म्हणू लागली.

याच वृत्तीने मराठी माणूस वांद्र्याच्या मोत मावलीच्या जत्रेला जातो. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस. त्याच्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर टेकडीवर माणसांचा पूर लोटतो. सध्याचे मंदिर १९०४ सालचे, पण भक्तीची परंपरा त्याहून किती तरी जुनी. कोळिणी नवी लुगडी नेसून येतात, हिंदू येतात, पारशी येतात, मुसलमान येतात. कोणी मेणाचा हात वाहतो, कोणी पाय, कोणी मेणाचे घर, कोणी पाळणा. ज्याची जी व्यथा, तिची मेणाची प्रतिमा. या जत्रेचे आमंत्रण कोणी कोणाला देत नाही; नवस फेडायला गेलेली बाई शेजारणीला म्हणते, "तू पण चल गं." बस्स. माहीमला सेंट मायकेलच्या मंदिरात १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना चालते. तिथल्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाची जात किंवा धर्म ओळखून दाखवा, अशी पैज कोणी लावली तर मी ती घेणार नाही!

कॅथलिक मंदिरांत शतकानुशतके मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली आणि त्यानंतर लोकभाषेला वेदीवर जागा मिळाली. वसईच्या मंदिरांत मराठी मिस्सा सुरू झाली. शेजारच्या हिंदू मित्राला लग्नाला बोलावले तर त्याला आता वधूवरांच्या शपथा समजू लागल्या. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. साष्टीतल्या त्या ब्राह्मणाने पाद्रीगुरूंकडे मराठीत काही तरी मागितले होते. चार शतकांनी मराठी भाषेने एका पाद्र्याला आपल्या व्यासपीठावर मानाने बोलावले. आवतणाची परतफेड आपल्याकडे अशी होते. कधी कधी तिला उशीर लागतो, इतकेच.

हा सारा इतिहास चाळल्यावर मला जे उमगले ते थोडक्यात सांगतो. ज्या बोलावण्यामागे हुकूम होता ते माणसांना आणू शकले, पण टिकवून धरायला त्यालाही अखेर ओवीचाच आधार घ्यावा लागला. ज्या बोलावण्यात कोवळ्या वयाचा किंवा असहायतेचा फायदा घेतल्याची शंका आली, त्याने घरे दुभंगली आणि संशय पिढ्यानपिढ्या मागे ठेवला. जे बोलावणे आपल्या भाषेतून आणि आपल्या सुरातून आले, आणि ज्याला "आज नको" म्हटल्यावर बोलावणारा रागावला नाही, तेच रुजले. हे ख्रिस्ती मंदिरापुरते खरे आहे असे नव्हे. आपल्या गणपतीला, सप्ताहाला, उरुसाला आपण दुसऱ्याला बोलावतो तेव्हाही हाच नियम लागू पडतो. येणाऱ्याला जायचीही वाट मोकळी असली पाहिजे.

आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. कायद्याने एवढेच होऊ शकते. बोलावण्यातला गोडवा कायदा घालू शकत नाही; तो घरच्या माणसांनी घालावा लागतो. वाचकहो, या दिवाळीत फराळाची ताटे भराल तेव्हा एखादे ताट शेजारच्या ख्रिस्ती घरी जरूर धाडा. आणि नाताळात तिकडून कोणी "या ना, भजन ऐकायला" असे म्हणाले, तर मनाला वाटेल तसे करा. जा, किंवा नम्रपणे नाही म्हणा. पण त्या बोलावण्यामागे चारशे वर्षांचे हसू आणि आसू आहेत, एवढे मनात असू द्या, म्हणजे उत्तर गोड शब्दांतच दिले जाईल.